राहीनच्या चिखलातलं नाणं

ही गोष्ट मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. त्या माणसाचा हात मी स्वतः धरला होता.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी स्वतः गेलं वर्षभर विश्वास न ठेवण्याचा प्रयत्न करतेय.

जमत नाही.

आणि रात्रही नव्हती हो. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळची वेळ. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातलं चांगलंसं हॉटेल. सगळे दिवे लावलेले, चहा-बिस्किटं फिरतायत, हॉल माणसांनी भरलेला.

पण सुरुवात त्याआधीच झाली होती. नोव्हेंबरात.

माझी नूला मावशी जुन्या नाण्यांचा माग काढते. नाणं खरं की खोटं हे सांगणारे पुष्कळ असतात. मावशी सांगते, ते कुणाकुणाच्या हातातून आलं. कुठल्या लॉर्डच्या कपाटातून, कुठल्या पाद्र्याच्या संग्रहातून, कुठल्या शेतातून. तिने लिहून दिलं की लिलाववाले डोळे झाकून छापतात. मी तिची भाची, डर्व्हला. तिच्याच घरी राहते. नाण्यांचे फोटो काढते, आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला गाडीतून फिरवते.

त्या दिवशी दुपारी लोर्कन टायर्नी आला.

टायर्नी म्हणजे नाण्यांचा दलाल. बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत.

"नूला, आज असं काही दाखवतो की तू मला लग्नाची मागणी घालशील."

"आधी दोघींनी घातली होती ना? त्यांचं काय झालं ते अख्ख्या कॉर्कला माहीत आहे. दाखव काय ते."

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उलगडली.

आठ कोनांचा चांदीचा तुकडा. एका बाजूला 'कॉर्क' आणि साल, सोळाशे सत्तेचाळीस. दुसऱ्या बाजूला किंमत. बस्स. ना राजाचा चेहरा, ना आयर्लंडच्या नाण्यांवर असते ती वीणा. लढाईच्या धामधुमीत शहरात पैसा उरला नाही, तेव्हा चांदी कात्रीने कापून अशी नाणी पाडली होती. आता जगात फार थोडी उरली आहेत.

मावशीने ते उचललं. मग बोटांवर बोटं चोळून पाहिली.

"ओलं आहे हे."

"बाहेर पाऊस आहे, बाई."

"पुडी तर कोरडी आहे."

टायर्नी हसला. मग त्याने नाण्याचा इतिहास सांगायला घेतला. इंग्लंडात डेव्हनमधल्या एका पाद्र्याचा संग्रह, शंभरेक वर्षांपूर्वी लंडनला झालेला लिलाव, मग एकाच घराण्यात पडून.

"तू फक्त लिहून दे, की पाद्र्याचं नाणं ते हेच."

त्याला हे लिहून हवं होतं त्याचं कारण सरळ होतं. आमच्याकडे जमिनीतून आता निघालेलं नाणं सरकारचं. ते विकता येत नाही. जुन्या संग्रहातलं मात्र राजरोस विकता येतं.

"ठेवून जा. बघते," मावशी म्हणाली.

तो गेला. नोव्हेंबरात आमच्याकडे लवकर मावळतं; चार-साडेचारलाच अंधार पडायला लागला. मी फोटो काढायला बसले.

पहिला फोटो काढला. स्क्रीनवर पाहिला.

नाण्यावर चिखलाचा ठसा होता... अंगठ्याचा.

मी नाण्याकडे पाहिलं. नाणं स्वच्छ.

पुन्हा फोटो काढला. पुन्हा ठसा. या वेळी जरा मोठा... जसा कुणी अंगठा अजून जोरात दाबला असावा.

ठशातून एक तिरपी रेघ गेली होती. जुन्या जखमेची असते तशी.

"मावशी, जरा इकडे ये."

मावशी काठी टेकत आली. स्क्रीनकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"हा अंगठा ओळखते मी," ती म्हणाली. "मॉसी लिहान."

मॉसीला मीही ओळखत होते. शहराबाहेर राहीन गावच्या खाडीत कालवं काढायचा. कालवं उघडताना सुरी लागून अंगठा चिरला होता त्याचा. ओहोटीला चिखलात जे काही हाती लागेल, बक्कल म्हणा, शिशाची गोळी म्हणा, मोडका चमचा म्हणा, ते घेऊन मावशीकडे यायचा. ते काय आहे हे ऐकून घ्यायचा आणि तसाच म्युझियममध्ये नेऊन द्यायचा. घरी एक वस्तू ठेवली नाही त्याने. आमच्या दारात आला की आधी गमबूट काढायचा. म्हणायचा, "राहीनचा चिखल तुमच्या गालिच्याला भेटला तर दोघंही लाजतील."

मार्चमध्ये बुडाला तो. भरतीचा अंदाज चुकला, असं लोक म्हणाले. मावशी तेव्हा गुडघ्यासाठी हॉस्पिटलात होती.

"अगं, फोटोत काहीतरी बिघाड असेल," मी म्हटलं.

मावशीचं लक्षच नव्हतं. ती दाराकडे बघत होती.

कारण पॅसेजमधून आवाज आला होता.

पचक...

खोल चिखलातून पाय उपसताना होतो ना, तो.

मग काहीच नाही. घड्याळ चालू होतं, पण त्याची टिकटिकही ऐकू येईना.

पचक...

जवळून.

पचक...

दाराच्या अगदी पलीकडे येऊन तो आवाज थांबला.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मावशी मात्र हळूच म्हणाली, रोजच्या आवाजात,

"मॉसी, बूट काढ रे बाहेर."

आवाज बंद.

बऱ्याच वेळाने मी दार उघडलं. पॅसेज कोरडा ठणठणीत. फक्त वास होता. ओहोटी लागल्यावर चिखलाला येतो तो सडका, खारट वास.

दुसऱ्या दिवशी मावशीने लंडनच्या त्या जुन्या लिलावाचं पुस्तक काढलं. पाद्र्याच्या नाण्याचं चित्र त्यात होतं. ही नाणी हाताने कापलेली, त्यामुळे एकासारखं दुसरं नसतं. पाद्र्याच्या नाण्याचा एक कोपरा तुटका. आपल्या नाण्याचे आठही कोपरे शाबूत.

"आणि हा काळेपणा बघ," मावशी म्हणाली. "कपाटातली चांदी अशी काळी पडत नाही. हे खाडीच्या चिखलात पडून होतं. पोरी, गाडी काढ."

मॉसीची बहीण पेग खाडीवरच्या घरात एकटी राहते. साठीची, काटकुळी, पण हात कालवं उपसणाऱ्यांचे. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. चहा मात्र न विचारता ओतला.

मावशीने फोटो पुढे केला. छापून आणलेल्या त्या फोटोत ठसा आला नव्हता.

पेगने तो हातातही घेतला नाही.

"याच टेबलावर दाखवलं होतं त्याने मला. म्हणाला, नूला आजारी आहे, म्हणून शहरातल्या एका माणसाला फोन केलाय. म्युझियममध्ये द्यायच्या आधी खरं-खोटं कळेल. आणि त्याला जागा बघायचीय म्हणतो."

"नाव सांगितलं होतं का त्या माणसाचं?"

"मॉसी कधी नावं घ्यायचा का? त्याच्या लेखी सगळे 'तो गडी' आणि 'तो दुसरा गडी'."

"पेगबाई, तुम्ही गार्डांना सांगितलं नाही?" मी विचारलं. आमच्याकडे पोलिसांना गार्ड म्हणतात.

"सांगितलं ना! भरतीचं पाणी पोचत नाही तिथे, वर, पावलं उमटली होती. खाली दोघं गेले. वर एकच आला. टाचेच्या शहरी बुटांचा. गार्ड म्हणाला, फिरायला आलं असेल कुणी." पेगने चहाचा कप बाजूला सरकवला. "माझा भाऊ कमरेपर्यंत रुतलेला सापडला. चिखलात रुतलं की काय करायचं हे पाळण्यात शिकलेला माणूस तो. नुसता कुणी हात दिला असता ना, तर निघाला असता. सापडला तेव्हा उजवा हात वर होता. असा."

तिने हात वर केला. पंजा उघडा.

"रिकामा," ती म्हणाली.

परत येताना मावशी रस्ताभर खिडकीबाहेर खाडीकडे बघत होती. घर आल्यावर एवढंच म्हणाली, "मी घरी असते तर तो माझ्याकडे आला असता."

टायर्नी नाणं न्यायला आला तेव्हा मावशीने त्याला बसू दिलं नाही.

"लोर्कन, हे पाद्र्याचं नाही."

"मग कुणाचं म्हणतेस?"

"मॉसी लिहानचं."

त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पण खिडकीबाहेर नदीवर सीगलांचा कलकलाट चालू होता... तो एकदम थांबला. सगळे पक्षी एकाच वेळी.

टायर्नीने खाली पाहिलं. एक पाय उचलला, बुटाचा तळ बघितला. मग दुसरा.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही. तुझी फरशी चिकट आहे."

"फरशी सकाळीच पुसलीय. तू राहीनला गेला होतास ना?"

"नूला, मला तुझी सही हवी होती. पापाची कबुली द्यायला मी चर्चमध्ये जातो." त्याने नाणं उचललं. "तू एकटीच नाहीस लिहून देणारी."

जाताना तो पाय जरा जास्तच वर उचलून चालत होता. पाण्यातून चालावं तसा.

मावशीने गार्डांना कळवलं, म्युझियमला कळवलं. गार्ड म्हणाले, पुरावा काय? म्युझियमवाले म्हणाले, लिलाववाल्यांना पत्र लिहू. आणि जानेवारीत लिलावाची यादी छापून आली. त्यात ते नाणं होतं. खाली कुणा तिसऱ्याचा दाखला आणि पाद्र्याची सगळी गोष्ट.

"भर लिलावात उभी राहून बोलणार मी," मावशी म्हणाली. "हाकलून दिलं तर देऊ देत."

तर तो शनिवार.

आम्ही कडेच्या खुर्च्यांवर बसलो. टायर्नी आमच्याच पुढच्या रांगेत. आम्हाला पाहून त्याने हसून मान झुकवली.

लिलाव पुकारणारा डब्लिनचा. ब्रॅबझन नावाचा. भारदस्त आवाज, शब्दन् शब्द स्वच्छ. एकेक नाणं पटापट जात होतं. मग पडद्यावर ते आठ कोनांचं नाणं आलं. मावशीने काठी उचलली, उठण्याच्या तयारीने.

"कॉर्क, सोळाशे सत्तेचाळीस, चांदी," ब्रॅबझनने वाचायला सुरुवात केली. "अत्यंत दुर्मीळ. पूर्वीचे मालक..."

तो थांबला. चष्मा वर केला.

"माफ करा. पूर्वीचे मालक... मॉसी लिहान, राहीन."

कुणीतरी हसलं. ब्रॅबझनने यादी डोळ्यांजवळ धरली.

"क्षमस्व. छपाईत काहीतरी... पूर्वीचे मालक... मॉसी लिहान."

मी माझ्या हातातली यादी पाहिली. तिच्यात पाद्र्याचंच नाव होतं.

मावशी उठलीच नव्हती. ती नुसती टायर्नीच्या पाठीकडे बघत होती.

ब्रॅबझनने घोटभर पाणी घेतलं, घसा साफ केला, तोंड उघडलं. त्याच्या तोंडून आता खाडीकाठच्या माणसांचा हेल आला.

"मॉसी लिहान. आणि तो तिथेच आहे अजून."

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

टायर्नी उठला. खुर्च्यांच्या रांगेतून बाहेर निघाला. आमच्याजवळच्या मोकळ्या जागेत आला... आणि थांबला.

पचक...

हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकलं. नंतर कुणी काहीही सांगो, मी त्यांचे चेहरे पाहिले आहेत. सगळ्यांनी ऐकलं.

आणि वास आला. ओहोटीचा.

टायर्नी पाय उचलायला गेला. पाय उठला नाही.

"गालिचा चिकटलाय," तो म्हणाला आणि हसला. दुसरा पाय उचलायला गेला. तोही नाही. त्याने दोन्ही हातांनी मांडी धरून ओढली. मग तो हसायचा थांबला.

"कुणीतरी हात द्या हो जरा."

दोघंतिघं पुढे झाले. काखेत हात घालून उचलायला लागले. धडधाकट माणसं ती. तो तसूभर हलेना.

"ओढा! जोरात ओढा! पाणी येतंय!"

"कुठे पाणी, लोर्कन?" कुणीतरी विचारलं. "काही नाहीये इथे."

"गुडघ्यापर्यंत आलंय!"

मी सगळ्यात जवळ होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. माणूस कसाही असो, असा हात पुढे आला की आपण धरतोच. मी धरला. मनगट घट्ट पकडलं आणि ओढायला लागले.

तेव्हा माझ्या हातावर आणखी एक हात आला.

खालून.

दिसत काही नव्हतं. पण थंडगार, ओला, खडबडीत हात होता तो. त्याने माझं एक बोट सोडवलं. मग दुसरं. मग तिसरं. रागाने नाही हो. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी, तसं हळुवार.

टायर्नीचं मनगट माझ्या हातातून सुटलं.

बाकीच्यांचेही हात एकेक करून सुटले. सगळे मागे सरले. त्यांनाही तो हात लागला का, हे मी नंतर विचारलं. कुणी सांगत नाही.

टायर्नी मधोमध एकटा उभा होता. आणि आता तो ओरडत होता, पण आमच्याकडे बघून नाही. समोर, खाली, जिथे कुणी नव्हतं तिथे बघून.

"मॉसी! मी दोरी आणायला गेलो होतो रे! परत येणार होतो मी! तूच दिलंस ना नाणं माझ्याकडे, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून! मी काय हिसकावून घेतलं का? मॉसी, हात दे. हात दे ना!"

मग त्याची हनुवटी वर गेली. मान मागे. तोंड पाण्याच्या वर ठेवायला धडपडावं तसा तो छताकडे तोंड करून श्वास घेत होता. छोटे छोटे श्वास.

मग त्याने तोंड गच्च मिटून घेतलं. गाल फुगले. डोळे आमच्याकडे वळले.

कुठे थेंबभर पाणी नव्हतं. त्याचा टायसुद्धा कोरडा होता.

किती वेळ धरला असेल त्याने श्वास, मला सांगता येणार नाही. मला तो फार लांब वाटला. कुणीतरी रडत होतं. मावशी मात्र बसल्या जागेवरून हललीही नाही.

शेवटी त्याचं तोंड उघडलं.

तो खाली कोसळला, तेव्हा पाय बुटांतून निघाले. बूट तिथेच राहिले... गालिच्यावर, शेजारीशेजारी, उभे.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. हॉटेलच्या मुलीने नंतर ते बूट सहज उचलून नेले.

भरल्या हॉलने त्याचं बोलणं ऐकलं होतं, त्यामुळे गार्डांना नाणं ताब्यात घ्यावंच लागलं. आता ते म्युझियममध्ये आहे. त्याच्याखालची पाटी मावशीने लिहून दिली. राहीनच्या खाडीत मॉसी लिहान यांना सापडलं, एवढंच. मावशीच्या हातून आजवर इतका छोटा इतिहास कधी लिहिला गेला नसेल.

पाटी लागल्यावर मी एकटीच पेगला सांगायला गेले. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

ती खिडकीत उभी होती. भरती चढत होती. मी सगळं सांगितलं. ती पाण्याकडे बघत ऐकत होती.

मग विचारलं, "त्याने हात मागितला?"

"हो."

"पुष्कळदा?"

"हो, पेगबाई."

तिने मान डोलावली आणि चहाचं आधण ठेवायला वळली. बाजारातून आलेल्याला भाव विचारावा, तसं तिने विचारलं होतं ते.

"आता मॉसीच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना म्हणून घ्याल ना?" मी म्हटलं. "आता शांती मिळेल त्याला."

"आजवर एकदाही म्हणू दिली नाही मी," पेग म्हणाली. "फादर तीनदा घरी येऊन गेले. परत पाठवलं. प्रार्थना झाली असती तर निजला असता बिचारा. मला तो निजायला नको होता."



"पण आता तर झालं ना सगळं?"

पेगने दोन कप काढले. एक माझ्यापुढे ठेवला.

"ती पावलं वर आली ना, बांधावर, ती एका गाडीपाशी संपली होती. गाडीच्या डाव्या दाराशी."

मी खिडकीतून बांधाकडे पाहिलं.

"डावीकडे बसणारा गाडी चालवत नाही, पोरी. चालवणारा दुसराच होता. मॉसी हाका मारत होता, आणि तो वर बसून काचेतून सगळं बघत होता. मग गाडी चालू करून गेला."

"कोण होता तो?"

तिने माझ्या कपात चहा ओतला. हात जराही हलला नाही.

"मला काय माहीत? मॉसीला माहीत आहे."